फुप्फुसातील लहान गाठ : चित्र, रुग्ण आणि परिणाम
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी एखाद्या वैद्यकीय परिषदेत शोभावा असा वाटेल. फुप्फुसातील लहान आकाराच्या कर्करोगाचे स्कॅनमध्ये दिसणारे रूप, तसेच रुग्णाचे वय, व्यसन व प्रकृती यांवरून पुढील परिणामाचा अंदाज कितपत बांधता येतो, असा हा विषय आहे. परंतु थोडा विचार केल्यास ध्यानात येईल की, हा प्रश्न आज सातारा व सांगली जिल्ह्यांतील कोणत्याही घरात उद्भवू शकतो. कोणाची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरते आणि त्यापूर्वी छातीचा फोटो काढला जातो. कोणी मोटारसायकलवरून पडतो आणि बरगडी मोडली आहे का हे पाहण्यासाठी स्कॅन होते. २०२० व २०२१ या कोरोनाच्या वर्षांत तर गावोगावच्या असंख्य माणसांच्या छातीचे स्कॅन झाले. अशा तपासणीच्या अहवालात, मूळ दुखण्याशी संबंध नसलेली एक ओळ कधी कधी येते : उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात नऊ मिलिमीटरची गाठ.

त्या एका ओळीने घराची झोप उडते. एक पक्ष म्हणतो, काही त्रास नाही ना, मग कशाला खोलात जायचे? दुसरा म्हणतो, उद्याच मुंबईला नेऊन कापून टाका. पहिल्या पक्षाच्या सल्ल्याने बरा होणारा रोग हातातून निसटू शकतो. दुसऱ्या पक्षाच्या सल्ल्याने निरोगी माणसाची छाती विनाकारण उघडली जाऊ शकते. यांतील योग्य मार्ग कोणता, हे ठरविण्याची जी साधने वैद्यकशास्त्राने गेल्या तीस-चाळीस वर्षांत निर्माण केली, त्यांची ओळख करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार ‘लहान पेशींचा कर्करोग’ या नावाने ओळखला जातो. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी लहान असतात. गाठ लहान असते असे नव्हे. तो अतिशय वेगाने पसरतो आणि त्याची चिकित्साही वेगळी असते. आजचा विषय आहे तो आकाराने लहान, म्हणजे साधारणतः तीन सेंटिमीटरपर्यंतच्या आणि फुप्फुसाबाहेर न पसरलेल्या कर्करोगाचा. अहवाल वाचताना या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

क्षयाची सावली

मिरज हे नाव दक्षिण महाराष्ट्रात वैद्यकाशी जोडले गेले, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू केले. पुढे सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान वॉनलेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार होता. ‘अमक्याला वॉनलेसवाडीला ठेवले आहे’ असे म्हटले की, पुढचे काही विचारावे लागत नसे. त्यानंतर मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८४ मध्ये कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मिरजेत सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय उभे राहिले. आता या दोन्ही जिल्ह्यांत स्कॅनची यंत्रे पुष्कळ आहेत. जुन्या क्षयाची सावली मात्र आजही छातीच्या प्रत्येक चित्रावर पडलेली असते.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दीर्घकाळचा खोकला, कफातून रक्त येणे, वजन घटणे, भूक मंदावणे ही क्षयाची लक्षणे. आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचीही हीच लक्षणे. फोटोत डाग दिसला की क्षयाचा विचार प्रथम मनात येतो, आणि आपल्या देशात तो येणे स्वाभाविक आहे. अनर्थ होतो तो पुढे. थुंकीत जंतू सापडले नसतानाही केवळ फोटोवरून औषधे सुरू होतात, दोन-तीन महिने जातात, डाग कमी होत नाही, आणि मग स्कॅन केले जाते. भारतातील अनेक रुग्णालयांनी आपापल्या नोंदींत हा अनुभव लिहिला आहे. देशात फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांपैकी बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत डॉक्टरांकडे पोहोचतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. बालपणी वा तरुणपणी क्षय होऊन गेलेल्या माणसाच्या फुप्फुसात व्रण राहतात. कित्येकांना तर क्षय झाल्याचे ठाऊकही नसते. हे व्रण स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात. त्यामुळे युरोप-अमेरिकेत तयार झालेली मोजमापे येथे जशीच्या तशी लावता येत नाहीत. उदाहरणार्थ, गाठ फुप्फुसाच्या वरच्या खंडात असल्यास तेथील डॉक्टर कर्करोगाची शंका अधिक धरतात. पण क्षयाचे आवडते स्थानही वरचा खंडच आहे. सांगलीतील चित्र वाचणाऱ्याला या दोन्ही गोष्टी मनात ठेवून वाचावे लागते.

चित्र काय सांगते?

विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर पाऊणशे वर्षे छातीचा फोटो हेच वैद्याचे मुख्य साधन होते. परंतु साध्या फोटोत बरगड्या, हृदय आणि रक्तवाहिन्या एकमेकांवर पडतात. एक सेंटिमीटरहून लहान गाठ त्यांच्या आड सहज दडून राहते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे स्कॅन झाले आणि शरीराचे पातळ काप करून पाहावे तसे न कापता पाहण्याची सोय झाली. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घनता मोजण्याच्या परिमाणाला आजही हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. त्यात पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार मानली जाते.

या चित्रातून गाठीविषयी प्रामुख्याने चार गोष्टी पाहिल्या जातात : आकार, वाढीचा वेग, घनता आणि कडा.

पहिला आकार. कर्करोगाच्या अवस्था ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत जगभरच्या रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. तीत पहिल्या अवस्थेतील लहान गाठींचे एक-एक सेंटिमीटरचे तीन गट केले आहेत. एक सेंटिमीटरपर्यंतच्या गटात पाच वर्षांनंतर शंभरापैकी ९२ रुग्ण हयात होते. एक ते दोन सेंटिमीटरच्या गटात ८३. दोन ते तीन सेंटिमीटरच्या गटात ७७. दोन्ही टोकांच्या गटांत फरक केवळ दोन सेंटिमीटरचा, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. तरीही शंभर माणसांमागे १५ जीवांचे अंतर पडते. रोग दूरच्या अवयवांत पसरल्यानंतर मात्र त्याच नोंदीत पाच वर्षे जगणाऱ्यांची संख्या शंभरात दहा वा त्याहून कमी आढळली. गेल्या काही वर्षांतील नव्या औषधांनी हे चित्र काहीसे सुधारले आहे. तथापि लहानपणी सापडलेल्या गाठीचे महत्त्व कमी झालेले नाही.

दुसरा वाढीचा वेग. सावकारी व्यवहारातील ‘दामदुप्पट’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. मुद्दल दुप्पट होण्यास किती काळ लागला यावरून व्याजाचा दर कळतो. गाठीचेही तसेच आहे. तिचे घनफळ दुप्पट होण्यास किती दिवस लागले, यावरून तिचा स्वभाव ओळखता येतो. वीस दिवसांच्या आत दुप्पट झाली तर ती बहुधा जंतुसंसर्गाने आलेली सूज असते. घन स्वरूपाचा कर्करोग सामान्यतः वीस ते चारशे दिवसांत दुप्पट होतो. दोन वर्षांत तसूभरही न वाढलेली घन गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरते.

येथे हिशेबातील एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गाठ गोल असते; तिचा व्यास सव्वापट झाला की घनफळ जवळजवळ दुप्पट होते. आठ मिलिमीटरची गाठ दहा मिलिमीटरची झाली तर घरचे म्हणतात, दोनच मिलिमीटर तर वाढली! प्रत्यक्षात मुद्दल दुप्पट झालेले असते. एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी असतात, म्हणजे एका पेशीपासून सुरुवात धरली तर तिची तीस वेळा दुप्पट झालेली असते. आणखी दहा वेळा दुप्पट झाली की तीच गाठ दहा सेंटिमीटरची होते. म्हणजे गाठ डोळ्यांना दिसू लागते, तेव्हा तिच्या आयुष्याचा बराच मोठा भाग उलटून गेलेला असतो.

तिसरी गोष्ट घनता. कापडाचा पोत जसा उजेडासमोर धरल्यावर कळतो, तसा गाठीचा पोत स्कॅनमध्ये दिसतो. काही गाठी पूर्ण घन असतात. त्यांच्यातून मागचे काहीच दिसत नाही. काही दुधी काचेसारख्या धूसर असतात. त्यांच्यातून रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसत राहतात. काहींत धूसर भागाच्या मध्यभागी घन गर असतो. जपानी डॉक्टरांनी या विषयाचा विशेष अभ्यास केला. धूसर भागात कर्कपेशी वायुकोशांच्या भिंतींवरून केवळ पसरत असतात, तर घन भागात त्या बहुधा आत घुसलेल्या असतात. म्हणून संपूर्ण गाठीच्या तुलनेत घन भाग किती, हे गुणोत्तर परिणामाचा अंदाज बांधण्यास अतिशय उपयोगी ठरले. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या आणि घन भाग पाव हिश्श्याहून अधिक नसलेल्या गाठी केवळ छोटा भाग काढून हाताळल्या, तेव्हा पाच वर्षांत रोग न उलटण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आढळले. आठव्या आवृत्तीपासून अशा मिश्र गाठींचा आकार ठरविताना पूर्ण गाठ न मोजता केवळ घन भाग मोजला जातो, तो याच कारणाने. धूसर गाठी फार सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यावर दोन वर्षे नव्हे, तर पाच वर्षे लक्ष ठेवावे लागते.

चौथी गोष्ट कडा. गुळगुळीत, रेखीव कडेची गाठ बहुधा सौम्य असते. भोवताली काट्यांसारखे फाटे फुटलेली किंवा फुप्फुसाचे आवरण आत ओढून घेणारी गाठ संशयास्पद मानली जाते. गाठीच्या मध्यभागी वा थराथरांनी चुन्यासारखा कठीण पदार्थ साठला असेल तर ती प्रायः जुन्या क्षयाची किंवा तशाच बऱ्या झालेल्या विकाराची खूण असते.

याखेरीज पेट स्कॅन नावाची तपासणी आहे. शरीरात सोडलेली किरणोत्सर्गी शर्करा जी ऊतके अधिक खातात, ती या चित्रात उजळतात. फार उजळणारा लहान कर्करोग हा मंद उजळणाऱ्यापेक्षा उलटण्याची भीती अधिक, असे सामान्यतः आढळते. परंतु क्षयाची सक्रिय गाठही तशीच उजळते. उलट आठ मिलिमीटरहून लहान किंवा धूसर कर्करोग अंधारातच राहू शकतो. त्यामुळे ‘पेटमध्ये उजळले म्हणजे कर्करोग’ हा निष्कर्ष आपल्या भागात घाईचा ठरेल. अखेरचा निर्णय शक्य तेथे ऊतकाचा तुकडा तपासूनच होतो.

रुग्ण कोण आहे?

एकच चित्र दोन वेगळ्या माणसांच्या बाबतीत दोन वेगळे अर्थ सांगते. २०१३ मध्ये कॅनडातील संशोधकांनी लहान गाठी कर्करोगाच्या निघण्याची शक्यता मोजण्याचे एक सूत्र प्रसिद्ध केले. त्यात गाठीचा आकार, प्रकार, स्थान, संख्या आणि काटेरी कडा यांच्या जोडीला रुग्णाचे वाढते वय, स्त्री असणे, कुटुंबात फुप्फुसाचा कर्करोग झालेला असणे आणि वायुकोश फुगून निकामी होण्याचा विकार असणे या बाबी घेतल्या आहेत. तीस वर्षांच्या, धूम्रपान न करणाऱ्या तरुणाच्या छातीतील सहा मिलिमीटरची गुळगुळीत गाठ आणि पासष्ट वर्षांच्या, चाळीस वर्षे विडी ओढलेल्या गृहस्थाच्या छातीतील तेवढीच काटेरी गाठ यांना एकच न्याय लावता येणार नाही.

तंबाखूचा संबंध सांगण्याची आता आवश्यकता उरली नसावी, असे वाटते. परंतु निपाणीचा तंबाखू ज्या भागाच्या इतक्या जवळ पिकतो, तेथे तो सांगितलाच पाहिजे. १९५० मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट वाइन्डर व एव्हार्ट्स ग्रॅहॅम आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी स्वतंत्रपणे धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा दाट संबंध दाखवून दिला. ‘विडी देशी आहे, पानात गुंडाळलेली आहे, म्हणून सौम्य आहे’ ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

तथापि तंबाखूला कधीही स्पर्श न केलेल्या माणसांनाही हा रोग होतो, आणि भारतात अशा रुग्णांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण लक्षणीय आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील माउलींनी पिढ्यान्‌पिढ्या काटक्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांच्या धुरात भाकरी भाजली. घरात कोळसा जाळल्याने निघणारा धूर निश्चित कर्ककारक, तर लाकूडफाट्याचा धूर संभाव्य कर्ककारक, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ठरविले आहे. २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवाही तिने निश्चित कर्ककारकांत घातली. दगडखाणीतील सिलिकाची धूळ आणि ॲस्बेस्टॉस हेही त्याच यादीत आहेत. म्हणून ‘आमच्या घरात कोणी विडीसुद्धा ओढत नाही’ एवढ्यावरून अहवालातील ओळ दुर्लक्षिणे धोक्याचे आहे.

धूम्रपान न करणाऱ्यांच्या कर्करोगाचा एक विशेष असा की, त्यांच्या गाठींत पेशींच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या एका जनुकातील बदल अधिक प्रमाणात आढळतो. भारतातील त्या प्रकारच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात तो असल्याचे निरनिराळ्या पाहण्यांत दिसले आहे. त्यावर गोळ्यांच्या रूपाने उपचार उपलब्ध आहेत. यास्तव तुकड्याच्या तपासणीबरोबर जनुकीय तपासणीचीही विचारणा करावी.

निदानानंतरच्या परिणामावरही रुग्णाच्या प्रकृतीचा मोठा प्रभाव पडतो. वय, श्वासाची क्षमता, हृदयविकार, मधुमेह, धूम्रपान चालू आहे की सुटले आहे, या सर्वांचा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वी मांडला जातो. समान आकाराच्या गाठीतून स्त्रिया पुरुषांपेक्षा आणि धूम्रपान न केलेले लोक ते केलेल्यांपेक्षा सरासरीने अधिक वर्षे जगतात, असे अनेक देशांत दिसून आले आहे. लहान गाठ असलेला वृद्ध रुग्ण पुष्कळदा कर्करोगाने दगावत नाही. तो हृदयाने किंवा श्वासाच्या जुन्या विकाराने दगावतो.

किती काढावे?

फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे वर उल्लेखिलेल्या डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस एकाच वेळी काढून रुग्ण जगविला. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि नंतर सुमारे तीस वर्षे जगला. ग्रॅहॅम यांना धूम्रपानाची सवय होती. संशोधनाचे निष्कर्ष पाहून त्यांनी ती सोडली, पण १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचे निधन झाले. त्यांचा रुग्ण त्यांच्या मागे हयात होता.

उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. पुढे संपूर्ण फुप्फुसाऐवजी केवळ रोगग्रस्त खंड काढण्याची पद्धत रूढ झाली. त्याहूनही लहान भाग काढून भागेल का, याची तुलना अमेरिकेत २४७ रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. छोटा भाग काढलेल्यांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट दिसले. त्यामुळे पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षे संपूर्ण खंड काढणे हाच दंडक राहिला.

मध्यंतरी स्कॅन अधिक स्पष्ट झाले आणि गाठी लहानपणीच सापडू लागल्या. जपानमध्ये दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, घन भाग निम्म्याहून अधिक असलेल्या गाठींच्या ११०६ रुग्णांची पाहणी झाली आणि २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. संपूर्ण खंड काढलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर ९१.१ टक्के, तर खंडाचा केवळ एक उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के रुग्ण हयात होते. विशेष म्हणजे, उपखंड काढलेल्यांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण दुप्पट, १०.५ टक्के विरुद्ध ५.४ टक्के, असूनही जगणाऱ्यांची संख्या अधिक होती. संपूर्ण खंड गमावलेल्यांत इतर विकारांनी आणि नंतर झालेल्या दुसऱ्या कर्करोगांनी होणारे मृत्यू अधिक होते. शिल्लक राहिलेले फुप्फुस म्हणजे पुढील संकटासाठी राखलेली गंगाजळीच होय. २०२३ मध्ये ६९७ रुग्णांच्या पाहणीतही छोटी शस्त्रक्रिया मोठीच्या तोडीची ठरली. अर्थात, हे सर्व निष्कर्ष दोन सेंटिमीटरपर्यंतच्या आणि लसिकाग्रंथींत न पसरलेल्या गाठींपुरते आहेत. ज्यांची प्रकृती शस्त्रक्रिया सोसणारी नाही, त्यांच्यासाठी नेमक्या जागी केंद्रित केलेल्या किरणोपचाराचा पर्याय आहे.

सर्वांचे स्कॅन करावे काय?

हा प्रश्न साहजिक आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत ५५ ते ७४ वर्षे वयाच्या, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३,४५४ लोकांचा समावेश होता. कमी किरणांच्या स्कॅनने दरवर्षी तपासलेल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या फोटोच्या गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी झाले. २०२० मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममधील पाहणीत पुरुषांत ही घट २४ टक्के आढळली. तीत गाठीचे घनफळ आणि दुप्पट होण्याचा काळ यांवर निर्णय घेतले गेले.

परंतु अमेरिकेतील त्या पाहणीत स्कॅनमध्ये संशयित ठरलेल्या शंभर निष्कर्षांपैकी ९६ कर्करोगाचे नव्हते. जेथे जुन्या क्षयाचे व्रण घरोघर आहेत, तेथे असे खोटे इशारे आणखी वाढतील. भारताच्या शासकीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे, फुप्फुसाचा नाही. म्हणून सरसकट सर्वांचे स्कॅन करण्याची शिबिरे भरविणे उचित होणार नाही. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीने मात्र छातीच्या डॉक्टरांशी याविषयी स्वतंत्रपणे विचारविनिमय करावा.

काही व्यावहारिक सूचना

पहिली सूचना अगदी साधी, पण फार मोलाची आहे. जुने फोटो आणि स्कॅनच्या फिल्म, तबकड्या व अहवाल जपून ठेवावेत. व्यापारी पेढ्यांत वर्षानुवर्षांच्या चोपड्या बासनात बांधून ठेवल्या जातात; मात्र वडिलांच्या छातीचा फोटो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. तीन वर्षांपूर्वीच्या चित्रात तीच गाठ तेवढीच होती, असे दिसले तर आज सुईचा तपास, प्रवास, खर्च आणि मनस्ताप हे सारे टळू शकते. तेव्हा ती नव्हती असे दिसले, तर एक दिवसही न दवडता पुढे जाता येते. एवढी मोठी साक्ष देणारा कागद दुसरा नाही.

दुसरी सूचना. क्षयाची औषधे सुरू करण्यापूर्वी थुंकीची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ती विनामूल्य होते. औषधे नियमित घेऊनही दोन महिन्यांत डाग हटत नसेल, वजन घटतच असेल, तर स्कॅनचा आग्रह धरावा.

तिसरी सूचना. डॉक्टरांनी ‘तीन महिन्यांनी पुन्हा या’ असे सांगितले तर ती टाळाटाळ समजू नये. दामदुप्पट मोजण्याची तीच पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहा मिलिमीटरहून लहान घन गाठीला, विशेष धोका नसल्यास, पुन्हा तपासणीचीही गरज नसते. सहा ते आठ मिलिमीटरच्या गाठीसाठी सहा ते बारा महिन्यांनी फेरतपासणी सुचविली जाते. त्याहून मोठीसाठी तीन महिन्यांनी स्कॅन, पेट किंवा तुकड्याची तपासणी यांचा विचार होतो. पुन्हा येण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी. त्रास नाही म्हणून ती चुकवू नये, कारण लहान गाठ त्रास देतच नाही.

चौथी सूचना खर्चाविषयी. कर्करोगावरील अनेक शस्त्रक्रिया आणि उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. पैशांअभावी थांबण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. समाजातील संस्थांनी आर्थिक साहाय्याबरोबरच अशा रुग्णासोबत जाणारा एक जाणता माणूस दिला, तर त्याचा उपयोग कित्येकदा पैशाहून अधिक होईल.

शेवटची सूचना तंबाखूची. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेऊन २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्याला सरासरी तीन वर्षे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षे आयुष्य परत मिळते. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा आकडा अवश्य सांगावा.

बंधू-भगिनींनो, एका पिढीपूर्वी फुप्फुसाचा कर्करोग म्हटले की निरवानिरवीची भाषा सुरू होत असे. आज एक सेंटिमीटरच्या गाठीसह आलेल्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक माणसे पाच वर्षांनंतरही आपल्या घरी असतात. हा बदल घडविण्यात चित्राचा, ते चित्र वाचणाऱ्या डोळ्यांचा आणि वेळेवर फेरतपासणीस येणाऱ्या रुग्णाचा वाटा सारखाच आहे. पहिल्या दोन गोष्टी सातारा, कराड, सांगली, मिरज येथे उपलब्ध आहेत. तिसरी प्रत्येक घराच्या हाती आहे. आज घरी गेल्यावर कपाटातील जुने फोटो आणि अहवाल शोधून, त्यांवर नाव व तारीख घालून ते एका पिशवीत एकत्र ठेवावेत, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.